हत्यार खाली!

मुकादमीण आजारी आहे, ही बातमी मुकादमिणीला तिच्या लेकाच्या फोनवरून कळली.

ती तेव्हा कापणीच्या टेबलापाशी धडधाकट उभी होती. समोर सोफ्याच्या पाठीचं कापड अंथरलेलं, हातात खडू. कारखान्यातला हवेचा पंप एरवी असा भणभणतो की शेजारचा शिंकला तरी ते डोळ्यांनीच बघून घ्यावं लागतं. पण नेमका त्याच वेळी मेल्या पंपाने दम टाकला, आणि केबिनमधला चिरंजीवांचा गोड आवाज अख्ख्या कारखान्यात पसरला. "आईंची फार इच्छा होती हो यायची. पण गुडघे! डॉक्टरांनी पायऱ्याच बंद केल्यात."

शिवणाऱ्या बायकांनी माना खाली घातल्या. खिळे ठोकणारा म्हातारा सुतार उगाचच खोकला. मुकादमिणीने खडू ठेवला आणि ज्या गुडघ्यांना पायऱ्या बंद होत्या त्याच गुडघ्यांनी ती केबिनच्या पायऱ्या अशी चढली, की दार उघडायच्या आधीच चिरंजीवांनी फोन ठेवला.

"कोणाचे गुडघे रे?"

"आई, तू ऐकून तर घे."

"ऐकलंच की. मी ऐकलं, सुताराने ऐकलं, रस्त्यावरच्या कुत्र्यानेसुद्धा ऐकलं. मला आजारी पाडायला तुझी जीभ कशी रेटली? मारूनच टाकायचं होतंस, एकदाचं काम झालं असतं."

खुर्च्या आणि सोफ्यांचा हा कारखाना काढला तिच्या नवऱ्याने आणि चालवला तिने. नवरा बोलण्यात वाघ होता. गिऱ्हाईक हसत हसत आत यायचं आणि हसत हसत बाहेर जायचं, खुर्ची मात्र मागेच राहायची. ती खुर्ची गिऱ्हाइकाच्या गळ्यात घालायचं काम हिचं. तिला मुकादमीण हे नाव कामगारांनी ठेवलं, तेही तिच्या पाठीमागे. तिला कळलं तेव्हा तिने सांगितलं, पाठीमागे कशाला, तोंडावर म्हणा. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. तेव्हापासून कारखान्याच्या सगळ्या किल्ल्या तिच्या कमरेच्या पट्ट्याला लटकत होत्या. जुडगा एवढा मोठा की ती कुठे आहे ते आवाजावरून कळायचं, आणि बायकांच्या गप्पा तिच्याआधीच थांबायच्या.

आता गोष्ट अशी होती. शहरोशहरी हॉटेलं असलेले एक मोठे साहेब आपल्या सगळ्या जेवणघरांतल्या खुर्च्या बदलणार होते. ते काम मिळालं तर कारखान्याला बरीच वर्षं मान वर करायला फुरसत नव्हती. साहेबांनी दुपारच्या जेवणाला बोलावलं होतं, आणि मुद्दाम म्हटलं होतं, मालकीणबाईंना आणा.

"आणि तू त्यांना माझे गुडघे वाढलेस!"

चिरंजीव पडेल आवाजात म्हणाले, "आई, तिथे टेबलाची रीत असते. मागच्या खेपेला त्या बँकवाल्यांकडे गेलो होतो, आठवतंय ना? तू आत गेलीस आणि बसायच्या आधी त्यांची खुर्ची उलटी केलीस."

"बघायला नको, आपण कशावर बसतोय ते?"

"त्यावर त्यांची सासू बसलेली होती!"

"तिला मी उठ म्हटलं होतं," मुकादमीण म्हणाली. पण आवाज जरासा खाली आला होता. तिने खिडकीतून खाली पाहिलं. अख्खा कारखाना मान खाली घालून कान वर करून होता. लोकांसमोर माघार घेणं तिच्या रक्तातच नव्हतं. तिने कमरेचा जुडगा सोडला आणि टेबलावर आपटला.

"मी येणार. आणि ऐक. माझ्यामुळे त्या टेबलावर तमाशा झाला, तर हा जुडगा तुझा. दुसऱ्या दिवसापासून मी घरी बसून टीव्ही बघीन आणि सूनबाईला छळीन."

दारात चहा घेऊन आलेली सूनबाई जागीच थबकली. "मला कशाला मधे घेताय?" ती म्हणाली.

चिरंजीवांनी जुडग्याकडे पाहिलं. चाळिशी ओलांडलेला माणूस, पण गोदामातून दोन वार कापड काढायचं तरी आईला हाक मारावी लागायची. त्यांनी विचारलं, "शब्द?"

"शब्द."

*

मुकादमिणीला वळण लावायला चिरंजीवांनी एक मॅडम शोधून काढल्या. मोठमोठ्या कंपन्यांतल्या लोकांना चारचौघांत कसं जेवावं ते शिकवणं, हा त्यांचा धंदा. सडपातळ बाई, आवाज असा मऊ की पुढे वाकून ऐकावा लागे. त्या आल्या त्या चपटी पेटी घेऊन. पेटी उघडली तर आत मखमलीवर ओळीने सुऱ्या, काटे, चमचे.

"कोणाचं पोट फाडायचंय?" मुकादमिणीने विचारलं.

मॅडम गोड हसल्या. जेवणाच्या टेबलावर त्यांनी एका ताटाभोवती एवढी हत्यारं मांडली की ताट बिचारं वेढ्यात सापडल्यासारखं दिसू लागलं. "घाबरायचं नाही. बाहेरून आत यायचं. पहिल्या पदार्थाला सगळ्यात बाहेरचं, मग त्याच्या आतलं."

"हे बरंय," मुकादमीण म्हणाली. "सोफाही आम्ही असाच उसवतो."

पहिल्या दिवशी सूप झालं. चमचा आपल्याकडून पलीकडे न्यायचा, भुरका मारायचा नाही, फुंकर घालायची नाही.

"मग थंड कसं व्हायचं?"

"थोडी वाट बघायची."

"हा नियम ज्याने काढला तो घरून जेवून आला असणार."

दुसऱ्या दिवशी घास. तोंडात घास असताना बोलायचं नाही. घास लहान घ्यायचा, म्हणजे कोणी काही विचारलं तर पटकन गिळून उत्तर देता येतं. मॅडमनी काट्याच्या टोकावर बटाट्याचा एवढासा तुकडा घेऊन दाखवला.

मुकादमिणीने चष्मा लावून तो तुकडा नीट पाहिला. "मॅडम, तुम्ही अशा का दिसता ते आत्ता कळलं."

कोपऱ्यात वाटाणे सोलणाऱ्या सूनबाईने तोंडात मूठ घातली.

पण एक सांगायला हवं. बाई जिभेने कितीही तिखट असली तरी शिकायला आळशी नव्हती. शाळेत गेली ती नावापुरती, पण हाताला एकदा दाखवलेलं काम तिचा हात कधी विसरला नाही. दुपारच्या सुट्टीत ती कारखान्यात कापणीच्या टेबलाशी रुमाल मांडीवर पसरून बसायची आणि उकडलेला बटाटा काट्यासुरीने असा कापायची की आजूबाजूच्या बायका आपापले डबे हातात धरून बघत राहायच्या. "बघता काय?" ती म्हणायची. "कोपरं आत घ्या. जेवताय की पोहताय?" आठवडा सरायच्या आत शिवणाऱ्या बायकांची कोपरं आत गेली आणि म्हाताऱ्या सुताराने चहाचा भुरका सोडला. चहाची चवच गेली म्हणून तो कुरकुरायचा, पण तेही दबक्या आवाजात.

शेवटच्या दिवशी मात्र गाडी अडली.

"आता एक फार महत्त्वाची गोष्ट," मॅडम म्हणाल्या. "जेवताना मधेच थांबायचं असेल, बोलायचं असेल, तर काटा आणि सुरी ताटात अशी ठेवायची." त्यांनी दोन्ही टोकं एकमेकांकडे आणि मुठी लांब, अशी घराच्या छपरासारखी फाकवून ठेवली.

मुकादमिणीच्या कपाळावर आठी चढली. "अशी तंगड्या पसरून?"

"हो. कारण शेजारी शेजारी, सरळ ठेवली, की वेटरला वाटतं..."

"वेटरला काय वाटायचं ते वाटू दे. मॅडम, चमचा कसा धरायचा ते तुम्ही शिकवलंत, मी ऐकलं. हत्यार कसं ठेवायचं ते मला शिकवायचं नाही."

"आई, पुरतं ऐकून तर घ्या," सूनबाई म्हणाली.

"तू वाटाणे सोल."

मग मुकादमिणीने मॅडमना कारखान्याचा कायदा सांगितला. बोलायचं असेल तर आधी हत्यार खाली. कात्री, सुरी, दाभण, काय हातात असेल ते टेबलावर, शेजारी शेजारी, सरळ, पातं आत. मग तोंड उघडायचं. हातात हत्यार धरून जो बोलेल तो संध्याकाळी अख्खा कारखाना झाडेल. हत्यार वेडंवाकडं पसरून ठेवेल, तोही झाडेल.

"आमचे हे फार बोलके," ती म्हणाली. "एकदा कापडाचे मोठे व्यापारी आले होते. ह्यांच्या हातात स्पंज कापायची लांब सुरी. बोलता बोलता ह्यांनी हात केला, सोफा एवढा लांब करू म्हणाले. आणि त्या व्यापाऱ्याचा टाय अर्धा तुटून कातरणांत पडला. रेशमी होता. व्यापारी खाली बघतोय, हे खाली बघतायत, आणि तरी ह्यांचं तोंड चालूच. म्हणतात, आखूड टायच तुम्हाला शोभून दिसतो! तो जो गेला तो परत फिरकला नाही. त्या दिवशी मी कायदा केला. पहिल्यांदा कारखाना झाडला तो ह्यांनीच."

मॅडमनी आपल्या गळ्यातला रुमाल नकळत हाताने झाकला. फाकवलेला काटा त्यांनी गुपचूप उचलून पेटीत ठेवला. माशी शिंकली ती इथेच.

*

साहेबांच्या हॉटेलाचं जेवणघर म्हणजे नुसता चकचकाट होता. पांढरे टेबलक्लॉथ, पांढरे हातमोजे घातलेले वेटर. ते चालायचे कसे कोण जाणे, पावलाचा आवाज नाही. प्रत्येक टेबलावर माणसं हळू आवाजात बोलत हळूच जेवत होती. मुकादमिणीने जुडगा वाजू नये म्हणून हाताने धरून ठेवला होता. खुर्ची दिसताच तिचा दुसरा हात खुर्चीच्या पाठीकडे गेला. चिरंजीवांनी डोळे मिटले. पण तिने खुर्ची नुसती मागे ओढली आणि बसली. खुर्ची कुरकुरली. मुकादमीण नाही कुरकुरली. जन्मात पहिल्यांदाच असं उलटं घडलं असेल.

साहेब साठीच्या पुढचे, उंच, निळा टाय. वागायला इतके अदबशीर की सूनबाई बसेपर्यंत ते स्वतः बसले नाहीत. मुकादमिणीला त्यांनी आपल्या उजव्या हाताला बसवलं. समोर चिरंजीव आणि सूनबाई. साहेबांना दोन सवयी होत्या. एक, पाहुण्याला प्रश्न विचारायचे. दुसरी, टेबलावर वयाने मोठा पाहुणा जेवायचा थांबला की आपणही थांबायचं. घरचं वळणच तसं होतं त्यांचं.

सूप आलं. मुकादमिणीने बाहेरचा चमचा उचलला, पलीकडे नेला, न फुंकता ओठाला लावला. चिरंजीवांच्या जिवात जीव आला.

"मग," साहेबांनी विचारलं, "या धंद्यात कशा आलात?"

बोलायचं म्हणजे आधी हत्यार खाली. तिने चमचा बशीत सरळ ठेवला आणि उत्तर दिलं. थोडक्यातच दिलं. खाली बघते तो सूप गायब. साहेबांनीही मोठ्या अदबीने आपला चमचा तसाच सरळ ठेवला होता. त्यांचंही सूप गेलं.

असेल, इथे चवीपुरतंच देत असतील, ती मनात म्हणाली.

मग मासा आला. लिंबाची फोड, वर लोणी वितळतंय. सकाळपासून तिने पोटात काही घातलं नव्हतं. जेवायला बोलावलं की पोटात जागा ठेवून जायचं, हा तिचा स्वतःचा हिशोब. तिने माशाचा तुकडा कापला, तोंडात टाकला. मासा फर्मास होता. दुसरा तुकडा कापला तोच साहेबांनी विचारलं, "लाकूड कुठलं वापरता?"

लाकडाचं नाव काढल्यावर ती गप्प बसणार? काटा खाली, सुरी खाली, शेजारी शेजारी, पातं आत. ती लाकडावर बोलली. पांढरा हातमोजा तिच्या खांद्यामागून आला आणि मासा तरंगत गेला. तिने मान वळवून त्याच्याकडे असं पाहिलं, जसं स्टेशनवर आप्ताला निरोप देताना बघतात. शेजारी साहेबही आपल्या माशाकडे तसंच पाहत होते.

चिरंजीवांचा मासाही गेला. ते इतका वेळ आईकडेच बघत होते, आणि आईने हत्यार ठेवलं की आपलंही ठेवायचं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. फक्त सूनबाई जेवत होती. ती या कारखान्यात वाढलेली नव्हती. ती घास घ्यायची, काटासुरी छपरासारखी फाकवायची, पाणी प्यायची, परत घास घ्यायची. तिच्यापुढचं ताट कोणी हलवत नव्हतं.

मुकादमिणीने सुनेकडे पाहिलं. सुनेने भुवया उंचावल्या, आपल्या फाकवलेल्या काट्याकडे नजर टाकली, मग सासूकडे.

झटकन डोक्यात उजेड पडला. मॅडमचं अर्धं राहिलेलं वाक्य पुरं झालं: सरळ ठेवली की वेटरला वाटतं, जेवण झालं. असं आहे तर! पण उजेड पडला म्हणून मान थोडीच खाली जाते? हत्यार पसरून ठेवायचं? ज्या गोष्टीसाठी तिने दहाजणांकडून झाडू मारून घेतला, ती आता स्वतः करायची, तीही सुनेदेखत? जीव गेला तरी चालेल.

मग कोंबडी आली.

भाजलेली, वरून रस्सा, बाजूला लोण्यात परतलेले बटाटे. वाफ सरळ मुकादमिणीच्या नाकात गेली. पोटाने असा आवाज काढला की साहेबांनी घाईने खोकून तो झाकला. खरं तर त्यांचंही पोट त्याच सुरात होतं. तिने सुरी लावली, मांडीचा मोठा तुकडा कापला. मॅडमच्या मापाचा नव्हे, आपल्या मापाचा. काटा तोंडाकडे निघाला.

"बाई, आता खरं विचारतो," साहेब म्हणाले. आवाज बदलला होता. "खुर्ची मी आज घेईन. पण ती डुगडुगली दहा वर्षांनी, तर मी कोणाकडे यायचं? तुमच्यानंतर तिथे कोण आहे?"

हाच तो प्रश्न. याच्यासाठीच हे सगळं जेवण. मुकादमिणीचा काटा हवेत थांबला. त्यावर कोंबडी. हत्यार हातात धरून बोलावं तर कायदा मोडतो. खाली ठेवावं तर कोंबडी जाते. फाकवावं तर नाक जातं. आणि चौथी गोष्ट तिने कोणाला सांगितली नसती. त्या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे तयार नव्हतं. आपल्यानंतर म्हणजे काय, हे तिने कधी मनातच येऊ दिलं नव्हतं. जुडगा कमरेला टोचला.

आई गप्प बसलीय, हे चिरंजीवांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. ते घाबरले. काम गेलं, सगळं गेलं, असं त्यांना वाटलं आणि ते मधे पडले.

"साहेब, मी आहे ना! तुम्ही काळजीच सोडा. आमची खुर्ची म्हणजे..." आणि खुर्ची केवढी भक्कम ते दाखवायला त्यांनी दोन्ही हात लांब पसरले. उजव्या हातात सुरी होती, डाव्या हातात काटा. काट्याला रश्श्यात घोळलेला बटाटा होता.

बटाटा सुटला. टेबलाच्या वरून छानपैकी वळण घेत गेला, साहेबांच्या निळ्या टायवर थापकन बसला, आणि तिथून रश्श्याची रेघ ओढत खाली त्यांच्या पाण्याच्या ग्लासात पडला.

बापाचाच हात! अगदी तोच हात, तीच बोटं, तेच तोंड उघडं.

मुकादमिणीच्या घशातून तो शब्द आपसूक निघाला. हवेच्या पंपावरून कारखान्याच्या पलीकडच्या भिंतीपर्यंत पोचवायची सवय असलेला आवाज होता तो.

"हत्यार खाली!"

अख्ख्या जेवणघरात खण्णकन आवाज झाला. चिरंजीवांनी ठेवलं. साहेबांनी ठेवलं. सूनबाईनेसुद्धा ठेवलं. शेजारच्या टेबलावरच्या चार वकिलांनी ठेवलं, खिडकीपाशी लग्नाची बोलणी करत बसलेल्या दोन कुटुंबांनी ठेवलं. त्या आवाजात असं काही होतं की प्रत्येकाने काटासुरी ताटात शेजारी शेजारी, अगदी सरळ ठेवली.

वेटरांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांना शिकवलं होतं ते त्यांनी केलं. पांढरे हातमोजे सगळीकडून पुढे आले, आणि बघता बघता एकाही टेबलावर ताट उरलं नाही.

*

साहेबांच्या टायवरून रस्सा ठिबकत होता.

"आई," चिरंजीव कुजबुजले. "तमाशा झाला गं."

मुकादमिणीने चारी बाजूंना पाहिलं. झाला होता खरा. ओरडली कोण होती? ती. तिने कमरेचा जुडगा सोडला. चेहरा दगडासारखा ठेवला. आत काय होत होतं ते तिचं तिलाच ठाऊक. समोर पावाची छोटी बशी तेवढी उरली होती. तिने जुडगा त्या बशीत ठेवला. सवयीच्या हाताने किल्ल्या सगळ्या एका दिशेला, शेजारी शेजारी, सरळ.

"शब्द म्हणजे शब्द. घे."

चिरंजीवांना हात पुढे करवेना. सूनबाई आपला रुमाल ओला करून साहेबांना देत होती. सगळ्यांचं लक्ष टायकडे. आणि मागून एक पांढरा हातमोजा आला, सरळ मांडलेल्या किल्ल्या त्याने पाहिल्या, आणि बशी उचलून घेऊन गेला.

"अहो, किल्ल्या!" सूनबाई ओरडली.

"कुठायत?"

"झाल्या म्हणून नेल्या!"

मग मात्र सगळेच उठले. गोदाम, कपाट, मोठं दार, सगळं त्या जुडग्यात. पाहुण्याची वस्तू आपल्या छपराखाली हरवावी, हे साहेबांच्या वळणात बसेना, म्हणून सगळ्यात पुढे तेच धावले. त्यांच्या मागे चिरंजीव, मग मुकादमीण. डॉक्टरांनी बंद केलेले गुडघे त्या दिवशी फार कामाला आले.

स्वयंपाकघरात आकांत मांडला होता. मोठा आचारी परत आलेल्या ताटांच्या डोंगरासमोर कमरेवर हात ठेवून उभा. "एक ताट परत येतं मी समजू शकतो!" तो ओरडत होता. "सगळी? माझ्या कोंबडीला काय कीड पडलीय?"

साहेबांनी डोंगराकडे पाहिलं. वरच्याच ताटात भाजलेली तंगडी होती. कोणाचा दात न लागलेली. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, वळण बिळण सगळं बाजूला ठेवलं आणि तंगडी हाताने उचलून कचकन चावली.

"कीड कसली?" ते भरल्या तोंडाने म्हणाले. "झकास झालीय."

मुकादमिणीला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. भाजी चिरायच्या टेबलाशी उभी राहून तिने हाताने मांडी तोडली. घास मॅडमच्या मापाचा नव्हता. नुसता चावण्याचा आवाज.

"तू घे की थोडं," तिने सुनेला म्हटलं.

"माझं झालंय, आई. मी जेवायलाच आले होते."

चिरंजीवांनी तोवर बाह्या सारल्या होत्या आणि ते खरकट्याच्या बादलीत कोपरापर्यंत हात घालून उभे होते. पाव, हाडं, लिंबाच्या साली. नवा कोट माखला होता. शेवटी खळ्ळ असा ओळखीचा आवाज आला. त्यांनी जुडगा वर काढला, नळाखाली धुतला, आपल्याच कोटाला पुसला आणि आईसमोर धरला.

"ठेव तुझ्याकडेच," ती दुसरीकडे बघत म्हणाली. "हरले मी."

"तू कशी हरलीस? तुझ्यामुळे तमाशा झाला तर, असा शब्द होता. बटाटा कोणी उडवला?"

"बटाटा यांचा," साहेबांनी निकाल दिला. ते स्टुलावर बसून हाड चोखत होते. "मी साक्षीदार आहे. हा टायही साक्षीदार आहे."

मुकादमिणीने लेकाकडे नीट पाहिलं. कोपरापर्यंत चिकट हात, केसात पावाचा चुरा, आणि हक्काने हातात आलेला जुडगा परत देतोय. तिने तो घेतला. मग एका किल्लीशी खटपट केली, ती कडीतून ओढून काढली आणि त्याच्या चिकट तळव्यावर ठेवली.

"ही कसली?"

"हत्यारांच्या कपाटाची. सकाळी तू उघडायचं, रात्री तू लावायचं. गोदामाचं पुढे बघू." मग ती साहेबांकडे वळली. हातात हाड होतं. तिने ते आधी खाली ठेवलं. "तुम्ही विचारलंत ना, माझ्यानंतर कोण. हा. बोलतो फार, बापावर गेलाय. पण खरकट्यात हात घालायला लाजला नाही. मात्र उद्या अख्खा कारखाना झाडणार आहे तो. हातात हत्यार धरून बोलला."

चिरंजीवांनी किल्ली खिशात टाकली आणि वरून खिसा दोनदा दाबून पाहिला.

"आता जरा उठा," ती साहेबांना म्हणाली.

"का?"

"उठा हो."

साहेब उठले. तिने स्टूल उलटं केलं, पाय हलवून पाहिले, तोंड वाकडं केलं आणि परत सरळ ठेवलं. "बसा. पण वळून बोलू नका, मोडेल."

*

दुसऱ्या दिवशी चिरंजीवांनी कारखाना झाडला. बायकांनी पाय वर घेतले. म्हाताऱ्या सुताराने भुरका मारत चहा प्यायला आणि कोणी त्याला काही म्हटलं नाही.

मुकादमीण त्या दिवशी उशिरा निघणार होती. ती घरी न्याहारीला बसली होती, समोर अंड्याचं ताट, मांडीवर रुमाल. रुमालाची सवय तिला लागली ती लागलीच. फोन वाजला, तो तिने मान वाकडी करून खांद्याने कानाशी धरला. साहेब होते. आधी पहिल्या हॉटेलाच्या खुर्च्या करा, म्हणत होते, आणि त्याआधी स्वयंपाकघरातली स्टुलं.

ऐकता ऐकता तिला उत्तर द्यायचं होतं. हातात काटा, हातात सुरी. सूनबाई ताटं उचलायला आली होती. मुकादमिणीने सुनेकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं, ताटात अर्धं अंडं होतं. मग सावकाश, जसं काही आयुष्यभर तेच करत आलीय अशा थाटात, तिने काटा आणि सुरी छपरासारखी फाकवून ठेवली.

सूनबाईचा हात तरी पुढे आलाच. मुद्दाम.

मुकादमिणीने फोनवर हात ठेवला.

"हात मागे घे," ती म्हणाली. "माझं अजून झालेलं नाही."